शंभराचं टाक

आठवडी बाजाराच्या दिवशी विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या पंपावर थोडा वेळ उभं राहिलं, तर लिटरमध्ये पेट्रोल मागणारा माणूस सहसा सापडत नाही. "शंभराचं टाक." "पन्नासचं टाक बाप्पा." कापसाचा चुकारा नुकताच हाती आला असेल तर "टाकी फुल कर." माणूस रुपये सांगतो, लिटर मशीन ठरवतं. त्यामुळे भाव वाढला तरी खिशातून जाते ती शंभराचीच नोट. वाढ कळते नंतर, गावाकडच्या वाटेवर, जिथे परवापर्यंत गाडी आरामात पोचायची तिथे ती रिझर्व्हला लागते तेव्हा.

म्हणून पेट्रोलचा भाव रुपयांपेक्षा किलोमीटरमध्ये मोजलेला बरा. जून 2010 मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचा भाव ठरवणं सोडलं, तेव्हा दिल्लीत लिटर 51 रुपये 43 पैशांना झालं होतं. शंभर रुपयांत जवळजवळ दोन लिटर यायचं. लिटरला 55 किलोमीटर चालणारी शंभर सीसीची गाडी तेवढ्यात 107 किलोमीटर जायची. आज हिशोबासाठी 105 रुपये भाव धरला, तर तीच गाडी शंभर रुपयांत 52 किलोमीटर जाते. गावापासून तालुका 22 किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन 44. वर आठ उरतात, म्हणजे वावरात दोनदा चक्कर.

हा फटका बसतो कोणाला, हेही पाहावं. 2014 मध्ये जाहीर झालेल्या देशभराच्या पाहणीत, पंपावर विकलं जाणारं सुमारे 61 टक्के पेट्रोल दुचाकी पितात असं दिसलं होतं. ट्रॅक्टर-ट्रक डिझेलवर चालतात. पेट्रोल हे मुख्यतः लहान माणसाचं इंधन. आपल्याकडे याच दुचाकीवर दुधाची कॅन जाते, सरकीच्या ढेपेचं पोतं येतं, तापलेलं लेकरू प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचतं. "गाडी कमी चालवा" असं अशा घराला सांगायचं असेल, तर नेमकं काय कमी करा तेही सांगावं लागेल.

आधी भाव कसा बनतो ते. कच्च्या तेलाचं एक पिंप म्हणजे सुमारे 159 लिटर. पिंप 80 डॉलरला आणि डॉलर 85 रुपयांना धरला, तर लिटरभर कच्चं तेल पावणेत्रेचाळीस रुपयांच्या आसपास पडतं. याच हिशोबात पिंप एक डॉलरने महागलं की लिटरमागे 53 पैसे वाढतात. तेल जागच्या जागी राहून रुपया डॉलरमागे एक रुपयाने घसरला, तरी लिटरमागे 50 पैसे वाढतात. तेलाचा भाव बातम्यांत येतो, रुपयाचा मात्र कोणी पेट्रोलशी जोडून पाहत नाही. गरजेच्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो आणि पैसे बहुतांशी डॉलरमध्ये मोजतो, म्हणून हे दोन्ही काटे पंपाच्या मशीनला जोडलेले आहेत.

यात एक बारकावा आहे. तेल कंपन्या भाव बांधतात तो कच्च्या तेलावर नव्हे, तयार पेट्रोलच्या आंतरराष्ट्रीय भावावर. 2006 पासून 80 टक्के आयातीचा आणि 20 टक्के निर्यातीचा भाव धरून सूत्र चालतं. त्यामुळे कधी कच्चं तेल स्वस्त असतं, पण जगातल्या काही रिफायनऱ्या बंद पडल्याने किंवा दुरुस्तीला गेल्याने तयार पेट्रोल महाग राहतं. तेल उत्पादक देशांनी उपसा आवळला, तांबड्या समुद्राकडची वाट धोक्याची झाली, किंवा जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे पाचवा हिस्सा इराणजवळच्या ज्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो तिथे तणाव वाढला, की जहाजाचं भाडं आणि विमा आधी चढतो. पेट्रोल त्यामागून.

मग कर. समजा कंपनीचा भाव, डेपोपर्यंतची आणि पंपापर्यंतची वाहतूक धरून लिटर 53 रुपये 70 पैशांना पडलं. एप्रिल 2025 च्या वाढीनंतर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे 21 रुपये 90 पैसे झालं. पंपमालकाचं कमिशन साधारण 4 रुपये 40 पैसे धरू. झाले 80 रुपये. महाराष्ट्राचा व्हॅट 25 टक्के, तो या सगळ्या 80 वर लागतो: 20 रुपये. त्यावर राज्याचा लिटरमागे 5 रुपये 12 पैशांचा जादा कर. बेरीज 105 रुपये 12 पैसे. या मांडणीत शंभराच्या नोटेतले जवळपास 45 रुपये कराचे आहेत. पेट्रोल-डिझेल जुलै 2017 मध्ये जीएसटीच्या बाहेर ठेवलं गेलं, त्यामुळे दोन्ही सरकारांचा हात त्यावर वेगवेगळा पडतो.

व्हॅट टक्क्यांत आहे, हे ध्यानात ठेवावं. केंद्राचं शुल्क ठरावीक रुपयांत असतं. तेल कितीही चढो, ते तेवढंच राहतं. राज्याचा कर मात्र तेलाबरोबर आपोआप चढतो. वर काढलेले एका डॉलरचे 53 पैसे व्हॅट धरून पंपावर 67 होतात. पिंप दहा डॉलरने महागलं तर लिटरमागे 6 रुपये 70 पैसे, म्हणजे शंभराच्या पेट्रोलमागे तीन किलोमीटर गेले. हा तीन किलोमीटरचा आकडा डोक्यात असू द्या, पुढे लागेल.

भाव चढताना धावत चढतो आणि उतरताना पाय ओढतो, ही तक्रार खोटी नाही. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत जगात तेलाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. 20 एप्रिलला अमेरिकेच्या वायदेबाजारात भाव शून्याच्याही खाली गेला. पण मार्चमध्ये 3 आणि मेमध्ये 10 रुपयांनी उत्पादन शुल्क वाढवून ते 32 रुपये 98 पैशांवर नेलं गेलं, आणि ती स्वस्ताई पंपापर्यंत आली नाही. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये 5 आणि मे 2022 मध्ये 8 रुपये कमी झाले. जून 2017 पासून भाव रोज सकाळी सहाला बदलायचा असं ठरलेलं आहे. तरी 4 नोव्हेंबर 2021 पासून 22 मार्च 2022 पर्यंत तो हलला नाही; मधल्या काळात पाच राज्यांच्या निवडणुका होत्या आणि युक्रेनचं युद्ध सुरू झालं होतं. मग सोळा दिवसांत चौदा वाढी आल्या, मिळून 10 रुपये. गोठलेला भाव म्हणजे स्वस्त भाव नव्हे. ती उधारी असते, पुढे वसूल होते. मार्च 2024 मध्ये लिटरमागे 2 रुपये उतरले ते जवळपास दोन वर्षांच्या स्थिर भावानंतर.

नागपूरपेक्षा गडचिरोलीत किंवा आडबाजूच्या पंपावर लिटरमागे थोडं जास्त का पडतं? पेट्रोल नागपूरजवळचं बोरखेडी, खापरी, अकोल्याजवळचं गायगाव अशा डेपोंत येतं आणि तिथून टँकरने पंपावर जातं. डेपोपासून अंतर जितकं, तितकं टँकरचं भाडं, आणि त्या भाड्यावरही पुन्हा व्हॅट. सीमेवरच्या गावांत लोक शेजारच्या राज्याचा भाव विचारत असतात. समजा पलीकडे लिटर चार रुपयांनी स्वस्त आहे आणि टाकीत आठ लिटर मावतं: वाचले 32. मुद्दाम वीस किलोमीटर जाऊन-येऊन हे केलं तर 76 रुपयांचं पेट्रोल जळालं. तिकडे काम असेल तरच भरावं.

इथेनॉलबद्दल गावात बरंच उलटसुलट बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर. आता पंपावर मिळतं ते बहुतेक 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता असते, म्हणून लिटरभर मिश्रणात सहा-सात टक्के उष्णता कमी. ती सगळीच अ‍ॅव्हरेजमधून जात नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात जुन्या घडणीच्या दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट धरली होती. म्हणजे 55 चं अ‍ॅव्हरेज 53 होणं समजण्यासारखं आहे. 42 झालं असेल तर दोष इथेनॉलचा नाही, गाडीत दुसरं काही आहे. शेतकऱ्याने एक वेगळी बाजूही पाहावी. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात जातो आणि सोयाबीनच्या ढेपेशी स्पर्धा करतो. वाशीम-अमरावतीच्या सोयाबीनवाल्याला त्याचा ताण भावात जाणवतो. इथेनॉल शेतकऱ्याच्या भल्याचं की नाही, याचं उत्तर तुमच्या वावरात ऊस-मका आहे की सोयाबीन, यावर ठरतं.

पावसाळ्यात मात्र या पेट्रोलला जपावं लागतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं असेल आणि गाडी रात्रभर पावसात उभी असेल, तर थोडं पाणी मिश्रणात विरतं. मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. मग गाडी सुरू होते, दोनदा खोकलते आणि बंद पडते. टाकी हलवून किंवा वरून नवं पेट्रोल टाकून हे जात नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, जुन्या गाडीत कार्बोरेटरच्या वाटीचा तळचा स्क्रू ढिला करून तीही काढा. झाकणाचं रबर थोडक्या पैशांत येतं. पाऊस लागायच्या आधीच बदलावं.

आता आपल्या हातातला भाग. गाडीचं अ‍ॅव्हरेज 55 वरून 42 वर आलं, तर 105 चं पेट्रोल तुमच्यासाठी 137 रुपयांचं झालं. शंभराच्या पेट्रोलमागे बारा किलोमीटर गेले, आणि तालुक्याहून परतताना गाव यायच्या चार किलोमीटर आधी शंभर रुपये संपले. पिंप दहा डॉलरने महागलं तेव्हा तीन गेले होते. ही बारा किलोमीटरची वाढ कोणत्याही सरकारने किंवा कंपनीने केलेली नसते, आणि ती बातम्यांतही येत नाही.

म्हणून पहिलं काम मोजणं. स्पीडोमीटरची केबल तुटलेली असेल तर आधी ती टाका. गावातल्या कितीतरी गाड्यांचा काटा वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर असतो. पंपावर टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथे थांबा, गळ्यापर्यंत ओतू नका. किलोमीटर लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा. चार-पाच लिटर जळालं असेल तेव्हा त्याच पंपावर, गाडी तशीच उभी करून, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. चाललेल्या किलोमीटरला या वेळी आलेल्या लिटरने भागा. एका लिटरवर मोजलेलं अ‍ॅव्हरेज फसवं असतं, कारण भरताना पाव लिटरचा फरक पडला तरी आकडा दहा-बाराने हलतो. सलग तीनदा मोजलं की खरा आकडा हाती येतो.

आकडा कमी आला तर मेकॅनिककडे जायच्या आधी घरी तपासण्यासारखं पुष्कळ आहे. हवा पहिली. शंभर सीसीच्या गाड्यांना पुढे साधारण 25 आणि मागे एकट्यासाठी 28 ते 32 पौंड लागते, दोघे किंवा पोतं असेल तर मागे त्याहून जास्त. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आणि पुस्तिकेत असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. मे महिन्यात 45 अंशांच्या दुपारी डांबरावरून आल्या आल्या मोजली तर काटा तीन-चार पौंड जास्त दाखवतो, पंक्चरवाला "बरोबर हाय" म्हणतो, आणि सकाळी टायर बसलेलाच असतो. उन्हात टायर फुटेल या भीतीने मुद्दाम हवा कमी ठेवणारे आहेत. ते उलटं आहे: कमी हवेचा टायर जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो.

मग गाडी मधल्या स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये, मागचं चाक हाताने फिरवा. ते सहज दोन-तीन फेरे फिरलं पाहिजे. अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ब्रेक धरून आहे. काळ्या मातीच्या पांदणीतून आलेल्या गाडीत हे हमखास होतं. चिखल ड्रममध्ये जाऊन वाळतो, ब्रेकचा कॅम अडकतो, पाय काढला तरी लायनर मागे येत नाही. ड्रम हाताला चटका देत असेल तर पेट्रोल तिथे जळतंय. चाक काढून ड्रम साफ करा, कॅमला थोडं ग्रीस लावा, पण लायनरवर एक थेंबही जाऊ देऊ नका. मडगार्डच्या आत वाळलेली ढेकळं टायरला घासत असतात, तीही खरवडून काढा.

चेनला खालच्या बाजूने मधोमध वर-खाली दोन ते तीन सेंटिमीटर खेळ असावा. ताठ चेन जोर खाते, ढिली चेन दाते झिजवते. दर पाचशे किलोमीटरला, पावसाळ्यात दर आठवड्याला, चेन रॉकेलने पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल लावावं. इंजिनातून काढलेलं जळकं काळं ऑइल लावायची सवय जुनी आहे. त्यात धातूची बारीक पूड आणि काजळी असते, ती चेनला कानशीसारखी घासते.

एअर फिल्टर हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मुरमाच्या रस्त्याचा फुफाटा आणि मळणीचा भुसा, शहरातल्या गाडीला हे कधी दिसत नाही. पुस्तिकेत लिहिलेलं अंतर डांबरी रस्त्याचं असतं. आपल्याकडे फिल्टर त्याच्या निम्म्या अंतरावरच पाहावा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा हात देऊन बसवता येतो. तेलकट कागदी असेल तर त्याला हवा मारू नका, धुऊही नका. कागद फाटतो किंवा त्याचं तेल जातं आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तो बदलायचाच असतो. प्लग काढून पाहिला तर निदान होतं: टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. त्यामागे चोक अर्धवट ओढलेला, फिल्टर तुंबलेला किंवा कार्बोरेटर बिघडलेला असू शकतो. 2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना कार्बोरेटर नाही. तिथे "ट्यूनिंग करून देतो" म्हणत कोणी स्क्रू फिरवू लागला तर गाडी परत आणावी. या गाड्यांचा पेट्रोल पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. पन्नास-पन्नासचं टाकून सतत रिझर्व्हवर चालवली तर तो तापून लवकर जातो, आणि त्याचा खर्च वर्षभराच्या बचतीपेक्षा मोठा असतो.

चालवण्याबद्दल थोडक्यात. चाळीस ते पन्नासचा वेग, वरचा गिअर, क्लचवर बोटं ठेवायची नाहीत. चिखलदऱ्याचा घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडू नका. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली की पेट्रोल जाणंच थांबतं आणि इंजिन ब्रेकचं काम करतं. इंजिन बंद करून काही वाचत नाही, ब्रेक मात्र तापून निकामी होतात. पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, यांवर एक रुपयाही घालवू नये.

पंपावर फसवणूक होते का? शंभरऐवजी 110 चं टाकलं की वाचतो, हा समज आहे. आकड्याने काही होत नाही. खात्री करायची तर प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं, ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य आहे. त्याहून कमी आलं तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. भरण्याआधी मशीनवर शून्य आणि त्या दिवसाचा भाव, दोन्ही पाहावेत. पहाटे थंड पेट्रोल जास्त येतं, हाही असाच समज. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथे दिवस-रात्रीचा फरक फारसा पोचत नाही. पाच अंशांचा फरक पडला असं धरलं, तरी शंभर रुपयांमागे पन्नास-साठ पैशांचीच गोष्ट.

किराणा दुकानातल्या बाटलीचा हिशोब वेगळा. समजा पाण्याच्या लिटरच्या बाटलीत 900 मिलिलिटर भरलं आणि 120 रुपये घेतले, तर लिटर 133 ला पडलं. मेळघाटात किंवा भामरागडच्या बाजूला पंप पंधरा किलोमीटरवर असेल, तर फक्त लिटरभरासाठी जाऊन-येऊन 57 रुपये जाळण्यापेक्षा बाटली स्वस्त, हे खरं आहे. त्या माणसाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते आणि तिथून पेटत परत येते. प्लास्टिकच्या बाटलीत, घराच्या आत, दिव्याजवळ पेट्रोल ठेवणं म्हणजे घर पणाला लावणं आहे.

फवारणीचा पंप हा घरातला दुसरा पेट्रोलखाऊ. टू-स्ट्रोक पंपात लिटरला किती टू-टी ऑइल टाकायचं ते त्याच्या पुस्तिकेत असतं: 25 ला एक असेल तर 40 मिलिलिटर, 50 ला एक असेल तर 20. झाकणाने अंदाजे ओतलं की बिघडतं. ऑइल जास्त झालं तर धूर, काळा प्लग, अर्ध्या तासात बंद. कमी झालं तर पिस्टन जाम. औषधाच्या दुकानातून पाच रुपयांची सुई नसलेली सिरिंज आणली की प्रश्न मिटतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, पंप सुरू करून, आतलं पेट्रोल संपून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच माळ्यावर टाका. नाहीतर कार्बोरेटरमध्ये राहिलेलं मिश्रण हवेतलं पाणी ओढतं, जेटमध्ये चिकट थर बसतो, आणि पुढच्या जुलैत पहिल्या फवारणीलाच दोरी ओढून खांदा दुखतो. बारा व्होल्ट, बारा अँपिअर-तासाच्या बॅटरीचा पंप एका चार्जिंगला युनिटचा सुमारे पाचवा हिस्सा वीज घेतो, म्हणजे दोन-तीन रुपये. तूर-सोयाबीनला तो पुरतो. पऱ्हाटी (कपाशी) छातीला लागली की कमी पडतो हे खरं, पण मोठ्या पंपाचं बारीक तुषार अंगावर-श्वासात जातं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. पंप निवडताना पेट्रोलच्या आधी याचा विचार व्हावा.

विजेच्या दुचाकीचाही हिशोब मांडून पाहावा. किलोमीटरला तीस पैसे वीज धरली तर पेट्रोलच्या 1 रुपया 91 पैशांपुढे 1 रुपया 60 पैसे वाचतात. रोज चाळीस किलोमीटर डांबरी रस्त्याने जाणाऱ्या शिक्षकाचे वर्षाला, तीनशे दिवसांत, 19 हजार वाचतील. रोज आठ किलोमीटर जाणाऱ्याचे 3,800. पहिल्याने घ्यावी, दुसऱ्याने जुन्या गाडीचा ब्रेक आणि फिल्टर नीट करावा. घेणाऱ्याने घरचं अर्थिंग आणि रात्रीचं व्होल्टेज आधी तपासावं. दुरुस्तीचं केंद्र किती लांब आहे तेही, कारण बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून अमरावती-अकोल्याला न्यावी लागली तर चार महिन्यांची बचत एका दिवसात जाते.

सगळ्यात मोठी बचत न झालेल्या फेरीत आहे. तालुक्याची एक फेरी 84 रुपयांची. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर निघतो, ई-पीक पाहणी वावरात उभं राहूनच करायची असते, छोटी रक्कम काढायला गावातला बँक मित्र आहे. एकट्याने गेलात तर माणशी 84. दोघे एका गाडीवर गेलात तर अ‍ॅव्हरेज पन्नासवर येईल, फेरी 92 ची होईल, पण माणशी 46. शेजाऱ्याला आदल्या रात्री विचारलं की हे जमतं.

आणि एसटी. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. घरातली बाई बाजाराला आणि म्हातारा दवाखान्यात लालपरीने गेला, तर गाडीपेक्षा स्वस्त पडतं. अडचण तिकिटाची नाहीच. गाडी सकाळी एकदा येते आणि परतीची वेळ बाजाराशी जुळत नाही, ही आहे. इथे एकट्याने काही होत नाही, गावाने मिळून होतं. नुसतं "बस सुरू करा" असं निवेदन आगारात पडून राहतं. आगार व्यवस्थापकाला लागतं ते असं: ग्रामसभेचा ठराव, शाळा-कॉलेजच्या पासधारक मुलांची संख्या, बाजाराच्या दिवशी आणि इतर दिवशी जाणाऱ्या प्रवाशांचा आठवडाभर मोजलेला आकडा, वाटेतल्या गावांची नावं, हवी असलेली जायची आणि परतीची नेमकी वेळ. मुक्कामी गाडी मागायची असेल तर चालक-वाहकाच्या झोपायची, पाण्याची आणि संडासाची सोय गावात कुठे आहे तेही लिहावं, कारण बऱ्याच ठिकाणी मुक्कामी गाडी बंद झाली ती तेवढ्यासाठीच. आणि पावसाळ्यात मोठी गाडी न रुतता वळेल अशी मुरूम टाकलेली जागा आधी तयार ठेवावी.